राहीबाईची शिवराळ जीभ

आटपाडीच्या बाजारात मेंढ्यांचे व्यापारी राहीबाईला वचकून असत. सौद्याआधी ती समोरच्याच्या बापाची विचारपूस करी, आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी नसे. देवांचीही गय नव्हती. कुणाच्या अंगात आलं की म्हणायची, "देवाला दुसरं काम न्हाई व्हय?"

गेल्या जत्रेत ढोल चालू असताना तिनं अचानक दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मागनं दगड कुणी घातला रं?" असं म्हणून ती आडवी झाली. मागं कुणीच नव्हतं.

लोकांना वाटलं, शेवटी देवानं हिला गाठलं. भंडारा उधळला. नवरा बिराप्पा हात जोडून म्हणाला, "आई, तू कोण हायस सांग." राहीबाई त्याच्या नव्या धोतरावर ओकली.

सून पूजा पुढं झाली. "मामा, देव असा ओकतोय व्हय? मान बघा, लाकडागत ताठ झालीया. गाडी काढा."

कोकरांच्या पिकअपमधून तिला मिरजेला नेलं. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता आणि तो फुटला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बायकांत जास्त आढळतं. वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू त्यात भर घालतात. राहीबाई रोज मिसरी लावायची. रक्तदाब कधी मोजलाच नव्हता. कवटी उघडून फुग्याच्या बुडाशी चिमटा बसवला.

राहीबाई शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला तिचं नाव विचारलं. तिला सांगता येईना. पेन दाखवलं, तेही नाही. मग चिडून तिनं एक शिवी हासडली, अगदी स्वच्छ. नर्सनं तोंड फिरवलं. बिराप्पा मात्र रडायलाच लागला. "हीच, हीच आमची," म्हणाला.

शब्द हरवले तरी पाठ झालेल्या शिव्या पुष्कळदा शिल्लक राहतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. घरी चहाला एक शिवी, पाण्याला दुसरी. पूजाला सगळ्या कळायला लागल्या. पण नातीजवळ, प्रांजलजवळ, राहीबाई तोंड मिटून बसे. पोरीला भलतंच काही ऐकू जाईल म्हणून. बोलण्याचा सराव करता करता एके दुपारी ती "पांजल" म्हणाली आणि स्वतःच दचकली.

राहीबाईची आईही अशीच डोकं धरून शेतात कोसळली आणि तिथंच गेली होती. तेव्हा देवीनं नेलं म्हणून लोकांनी तिथं शेंदूर लावलेला दगड बसवला. हे कळल्यावर डॉक्टरीणबाईंनी राहीबाईच्या पलूसच्या धाकट्या बहिणीला, मनुबाईला, डोकं तपासून घ्यायला सांगितलं.

"मी मशिनीत झोपणार न्हाई," मनुबाई म्हणाली.

राहीबाई तिच्या दारात जाऊन बसली. अडखळत, एकेक शब्द शोधत म्हणाली, "तुजा... दगड... न्हाई पुजायचा मला."

मनुबाई गेली. तिच्याही मेंदूत बारीक फुगवटा निघाला, पण न फुटलेला. आता ती रक्तदाबाची गोळी घेते, वर्षातून एकदा तपासून येते आणि आपली मिसरी सोडावी लागली म्हणून बहिणीला मनसोक्त शिव्या देते.