सब ठीक, साब

चैत्र लागला तेव्हा आमची कंपनी अकोल्याच्या छावणीतून अमरावतीला आली. ड्युटी एकच, कापूस. अमेरिकेत लढाई लागली होती म्हणे, तिथला कापूस विलायतेला पोचेना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाला एकदम मान आला. अमरावतीच्या बाजारातून गाड्या भरून निघायच्या आणि आम्ही त्या अकोल्यापर्यंत सुखरूप पोचवायच्या. मी तेव्हा नाईक होतो, हाताखाली बारा शिपाई. लोक आजही मला बसवून घेतात आणि विचारतात, "हवालदार, लढाई कोणती मारली?" मी सांगतो, मी कापूस राखला. मग त्यांचा रस संपतो. संपू द्या. मलाही आता फार बोलवत नाही, पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

सकाळी पाचला बिगुल, सव्वापाचला गिनती. साडेपाचला मी सुभेदारसाहेबांपुढे उभा राहून माझ्या बारा माणसांचा रिपोर्ट द्यायचा. "सब ठीक, साब." एवढाच रिपोर्ट. कोणाला ताप असला तर तसं सांगायचं, पाय मुरगळला असला तर तसं. ताप नाही, जखम नाही, बंदूक साफ आहे, म्हणजे माणूस ठीक. याच्यापलीकडे माणसाला आणखी काही होऊ शकतं, हे आमच्या पलटणीत कोणी शिकवलं नव्हतं.

त्या बारा जणांत शेख करीम होता. करीम लाइनीतच, म्हणजे पलटणीच्या वस्तीतच, जन्मला. बाप याच पलटणीत हवालदार, आई लहानपणी गेलेली. बिगुलावर उठला, बिगुलावर जेवला, बिगुलावर निजला. बाप कडक होता, पोराला लाइनीच्या भिंतीबाहेर एकट्याला पाऊल टाकू द्यायचा नाही. झाडावर चढला नाही, डोहात उतरला नाही, कोणाच्या बांधावरची बोरं चोरली नाहीत. कवायतीत मात्र त्याच्यासारखा दुसरा नव्हता. कॅप्टनसाहेब परेडवर त्याला पुढं उभा करायचे आणि बाकीच्यांना म्हणायचे, असं उभं राहा.

माझं सगळं उलटं. माझं गाव नांदगावच्या बाजूला. वयाच्या सातव्या वर्षापासून पलटणीत येईपर्यंत मी गुरं राखली. सकाळी गुरं सोडली की नाल्याच्या काठानं दिवसभर रानात. येरोन्या, म्हणजे आमच्याकडची रानबोरं, खायच्या, पळसाच्या पानाचा दोना करून पाणी प्यायचं, आणि दुपारी नाल्याच्या वाळूत पालथं पडून राहायचं. वरची वाळू तापलेली, पण हातानं थोडी उकरली की खाली ओल. त्या ओलीवर गाल ठेवून मी कितीतरी दुपारी काढल्या. काही करत नव्हतो. आई मला रिकामटेकडा म्हणायची आणि तिचं काही चुकत नव्हतं.

करीम मला चिडवायचा. "नाईक, वर्दी घातली तरी तू गुराखीच हायेस यार."

"अन् तू काय हायेस? बिगुल."

तो हसायचा. तेव्हा तो हसत होता, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

तिसऱ्या खेपेला आग लागली. चाळीस गाड्या होत्या. बडनेरा मागं पडलं होतं, मूर्तिजापूर अजून लांब. दुपारचे दोन वाजले असतील. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंबरेएवढं वाळलेलं गवत, वारा उजवीकडून. सकाळी निघताना मी सगळ्यांना हुकूम दिला होता, काही झालं तरी कापूस सोडून हलायचं नाही. शेवटच्या गाडीवर मारोती आणि दौलत हे दोन शिपाई होते. करीम मधोमध, मी पुढं.

धूर उजवीकडून आला. आग कशानं लागली ते आजतागायत मला ठाऊक नाही. चौकशीत कोण्या गाडीवानाची चिलीम लिहिली. ज्वाळा दिसल्या आणि मी शिपाई राहिलो नाही, गुराखी झालो. रानात वणवा आला की आम्ही काय करायचो, ते हातापायांना आठवलं. आपल्या पुढचं गवत आपणच पेटवायचं. वाऱ्यानं ती आग पुढं पळते, मागं काळी जमीन राहते, आणि त्या काळ्या जमिनीवर जाऊन उभं राहायचं. जळलेलं पुन्हा जळत नाही. मी रस्त्याच्या डाव्या बाजूचं गवत पेटवलं. गाडीवानांना वाटलं, नाईकाचं डोकं फिरलं.

"बैलं सोडा. डाव्या अंगाले चाला."

"अन् कापूस, नाईक?"

"कापसाले लागू द्या आग. बैलं सोडा म्हणतो ना."

मग करीमला ओरडून सांगितलं, "मागं जाय. मारोती-दौलतले घेऊन ये. म्हणा, हुकूम बदलला."

करीम पळत गेला. तो शेवटाला पोचायच्या आत मधल्या गाड्यांनी पेट घेतला आणि रस्ता धुरानं बुजला. मी असतो तर गालावर वारा घेत, गवताच्या कडेनं वळसा घालून गेलो असतो. त्याला हे कोण शिकवणार होतं? भिंत नाही, ओळ नाही, बिगुल नाही. तो धुरात गोल फिरत राहिला. त्याला त्या दोघांचा खोकला ऐकू येत होता, हे त्यानंच नंतर सांगितलं. मारोती विचारत होता, "हुकूम काय हाय?" करीमनं ओरडून सांगितलं, पण कापूस जळताना जो आवाज होतो त्यात त्याचं ओरडणं पोचलं नाही. नंतर मी गेलो तेव्हा करीम मला रस्त्यावर सापडला. भुवया जळलेल्या, बाकी अंगाला चटका नाही. मारोती आणि दौलत गाडीजवळच होते. हुकमाप्रमाणे.

चौकशी झाली, माझ्यावर ठपका आला नाही. गाडीवान वाचले, बैलं वाचली, असं लिहिलं. मला आणि करीमला आठ-आठ दिवसांची रजा मिळाली. मी गावी गेलो तेव्हा माझी अवस्था वाईट होती. भाकरी मोडता येईना. सकाळी उठलो की नाल्यावर जायचो आणि वाळूत पालथा पडायचो. पहिल्या दिवशी नुसता पडलो. दुसऱ्या दिवशी रडलो, पोटभर, कोणी बघायला नव्हतं. टिटवी आपली ओरडत होती, होला घुमत होता, खेकडा बिळातून येत-जात होता. कोणाला माझ्याशी घेणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मला झोप लागली. जागा झालो तेव्हा भूक लागली होती. दुःख गेलं नव्हतं, ते अजूनही आहे. पण अंग माझं मला परत मिळालं. मी काही फार मोठ्या छातीचा नाही. मला लहानपणीच पडून राहायची जागा ठाऊक झाली होती, एवढंच.

करीमनं रजेत काय केलं? लाइनीतच बसला. जाणार कुठं? बापही आता नव्हता. आठ दिवस त्यानं बंदूक पुसली आणि बूट घासले. मी परत आलो तेव्हा बुटात तोंड दिसत होतं.

त्याला झोप लागेना. जेवण कमी झालं. कापसाचा वास आला की खोकला सुरू व्हायचा, आणि त्या सालात अख्ख्या वऱ्हाडात दुसरा वास नव्हता. गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापूस अडकलेला असायचा. करीम चालता चालता तो वेचायचा आणि खिशात भरायचा. विचारलं तर म्हणायचा, "ठिणगी पडली तर?" कवायत मात्र तशीच्या तशी, पाऊल चुकलं नाही. ताप नाही, जखम नाही.

"नाईक, रिपोर्ट?"

"सब ठीक, साब."

मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण खरं सांगितलं असतं तर त्याला बेकाम ठरवून काढून टाकलं असतं, आणि लाइनीशिवाय त्याला घर नव्हतं. मी त्याला वाचवून राहिलो असं मला वाटत होतं. सात महिने रोज सकाळी मी खोटं बोललो.

एक दिवस त्यानंच विचारलं. "नाईक, तू रजेत काय केलं? तुले भाकरी मोडता येत नव्हती. मी पायलं होतं."

"नाल्यात पडून राहिलो."

"बस?"

"बस."

"मले घेऊन चाल."

मी म्हटलं, जाऊ. पण कापसाचा हंगाम होता, रजा मिळेना, आणि मीही नेट लावला नाही. मार्गशीर्षात चार दिवस मिळाले. दोघं पायी निघालो. वाटेत मी त्याला सगळं सांगत होतो, पळस कुठं, येरोन्या कुठं, डोह कुठं. तोही विचारत होता, वाळूत विंचू असतात का, बूट काढावे लागतात का. मला बरं वाटत होतं. माझी एवढी एकच ठेव, ती दाखवायला निघालो होतो.

गावाच्या शिवेवर आलो आणि मी थांबलो. चराऊ रान नव्हतं. नाल्याच्या काठापर्यंत सगळं नांगरलेलं, पळस तोडलेले, बोरी जाळलेल्या, आणि जिथं गुरं चरायची तिथं कापूस फुटलेला. चहूकडं पांढरं. मी करीमला कापसातून सोडवून कापसात आणून उभं केलं होतं.

मोठा भाऊ बांधावर होता. मी विचारलं, "भाऊ, रान काहून मोडलं?"

"सारं गाव मोडून राहिलं. मीच रान ठेवून काय करू?" त्याचं तरी काय चुकलं होतं? पण त्या क्षणी मला त्याचा राग आला, आणि तो राग पुरता कधी गेला नाही.

नाल्याच्या वळणावर खाटेएवढी वाळू शिल्लक होती. मी करीमला तिथं नेलं.

"आता काय करू?"

"काई नाई. पडून राय."

तो पडला. बूट घातलेले, टाचा जुळलेल्या, हात अंगाला चिकटून, सावधान. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. पहिले दोन दिवस तो तसाच पडून आभाळाकडं बघत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं आपणहून बूट काढले. मी वाळू उकरून ओल दाखवली. त्यानं तिच्यावर तळवा ठेवला.

"थंड हाय रे," तो म्हणाला.

"हाय ना."

त्या दुपारी त्याला झोप लागली. घटकाभरच, पण लागली. मी शेजारी बसून अंगावर माशी बसू दिली नाही. चौथ्या दिवशी आम्ही परत निघालो. निघताना तो म्हणाला, "थोडं आणखी राहता आलं असतं तर." मी म्हटलं, "पुढच्या रजेत." रजा संपली की निघायचं असतं, एवढंच मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदारसाहेबांसमोर उभा राहिलो. ते जुने होते, भले होते. त्यांना सांगितलं असतं, साहेब, करीमला दोन महिने सोडा, मी त्याला घेऊन बसतो, तर कदाचित ऐकलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं.

"रिपोर्ट?"

"सब ठीक, साब."

फाल्गुनात आम्ही अकोल्यात होतो. करीमचा गार्ड कापसाच्या गोदामावर. सकाळी सहाला तो गार्डवरून उतरला. बंदूक जमा केली, वर्दीची घडी केली, बूट ओळीत लावून ठेवले आणि अनवाणी मोर्णेकडं चालत गेला. नदी आटलेली, नुसती वाळू, मधेच एखादा डोह. साडेनऊला धोब्यांनी त्याला डोहातून काढला. पोहायला येत नव्हतं, पाय घसरला, असं चौकशीत लिहिलं. घसरला की काय, ते ठरवणारा मी कोण? काठावरच्या वाळूत एका जागी हातानं उकरलेलं होतं, ओल लागेपर्यंत. शेजारी त्याच्या अंगाचा ठसा होता. तो सावधान पडला नव्हता. पाय पसरून, पालथा पडला होता.

पेन्शन घेऊन गावी आलो. वाटणीत मी नाल्याकाठचा तुकडा मागून घेतला. तिथं कापूस लावत नाही, काहीच लावत नाही. आता गवत आहे, तीन पळस उभे राहिलेत, येरोन्यांची झुडपं आपोआप आली. गाव मला येडा म्हणतं. पोरं गुरं घेऊन येतात, वाळूत लोळतात. आया तक्रार करतात, हवालदार, तुमच्यापायी पोरं रिकामटेकडी झाली. मी म्हणतो, होऊ द्या बाई. ज्याला लहानपणी हे मिळालं नाही त्याचं काय होतं, ते मी पाहिलं आहे.

पलटणीच्या यादीत त्या सालात ड्युटीवर पडलेले दोन लिहिले आहेत. शेख करीम त्यात नाही. मी रोज साडेपाचला नाल्यावर जाऊन उभा राहतो. सवय आहे. मारोती. दौलत. शेख करीम. तिन्ही नावं घेतो. मग रिपोर्टाचे ते शब्द तोंडाशी येतात, आणि मी गप्प राहतो.