कोरडा डबा

टेक्सासमधल्या आपल्या परसात व्हर्लीन मांसाला धुरी द्यायच्या लोखंडी भट्टीकडे पाठ करून कधीच बसत नसे. भट्टी खरवडली की चव जाते, असा तिच्या नवऱ्याचा, हार्लनचा, हट्ट होता. एकदा त्याने झाकण उघडलं, वारा लागला आणि साचलेल्या चरबीचा भडका उडाला. त्यातच तो गेला.

आज सकाळपासून मांस धुरीवर होतं. भट्टीच्या तळाच्या भोकातून गळणारी चरबी साठवायला खाली टांगलेला डबा तिने हलवून पाहिला. ठणठणीत कोरडा!

“डॉयल, चरबी कुठं गेली रे?”

“आतच आहे, आई. भोक बुजवलंय मी,” मुलगा हसला. “आज बाबांच्या हातची चव!”

“मेल्या, झाकण उघडू नकोस!”

“अगं, वास तरी घे,” म्हणत त्याने झाकण उचललं.