सोयरिकीतले अलंकार

मुखेडच्या शाळेत आठवीला मी अलंकार इतके नीट शिकवले, की माझ्या सख्ख्या भावाचं लग्न मोडायची वेळ आली.

माझा नियमच होता. नुसतं "सर, अलंकार हाय" चालणार नाही. नेमकं नाव सांगा, कारण द्या. आणि घरीदारी जिथे ऐकाल तिथे लगेच ओळखा! (हे शेवटचं मी का बोललो, देव जाणे.) माझी लेक प्राची त्याच वर्गात.

धाकट्या भावाला, गणेशला, नकार मिळता मिळता आमचा तालुका संपला होता, म्हणून प्राचीला घेऊन देवणीला मुलगी बघायला गेलो. पोहे सगळ्यांनी खायचे आणि मुलाचं कौतुक मोठ्या भावानं करायचं, ही आमच्याकडची रीत. मी घसा खाकरला.

"आमचा गणेश देवणी बैलासारखा राबतो बघा!"

"उपमा," प्राची म्हणाली. "कारण 'सारखा' आलंय."

"लई हुशार हाय की लेकरू!" मुलीचे वडील खूश झाले. मीही फुगलो आणि जोर लावला. "गणेशशिवाय आमच्या घरचं पान हलत न्हाई!"

"अतिशयोक्ती. कारण काका धा वाजता उठतात. तवर आई सगळं हलवून ठेवती."

गणेशला ठसका लागला. मी डोळे वटारले, तर प्राचीला वाटलं, मी पुढचं उत्तर मागतोय!

मुलीच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "मग खरं काय हाय, बाई?"

"त्याला स्वभावोक्ती म्हणतात. जसं हाय तसं सांगायचं." आणि तिनं सांगितलं! काका घोरतात. काकांना बैलाची भीती वाटती. दुपारचा चहा सगळ्यांना काकाच करतात. अन् आईला बरं नसलं की भाकरीबी थापतात. नकाशे होतात, पण थापतात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गणेशचा चेहरा बघवेना. मी बसल्या जागूनच दाराबाहेरच्या चपला शोधू लागलो.

तेवढ्यात कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली मुलगी पहिल्यांदा बोलली. "बाबा, मला पसंत हाय. भाकरी थापणारा नवरा कुठं घावतो?"

तिचे वडील हसत सुटले. "मास्तर, तुम्ही बोलला नसता तर आणखी लवकर जमलं असतं!"

मी मोठ्या आशेनं प्राचीकडे पाहिलं. "सांग, यात कोणता अलंकार?"

"कुठलाच न्हाई, पप्पा. साधं वाक्य हाय."