शेवंतीचं टेबल

यकृताचा कॅन्सर पसरल्याचं कळलं, तरी बायकोने थँक्सगिव्हिंगचं जेवण कॅन्सल करू दिलं नाही. "मला जेवता येणार नाही, पण टेबल मीच सजवणार," ती म्हणाली. अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आमच्या घरात दर वर्षी हे काम तिचंच असायचं.

त्या दिवशी ती सोफ्यावर पडून सांगत होती आणि आमची मुलगी मांडत होती. विटकरी टेबलक्लॉथ, त्यावर मोहरीच्या रंगाचे नॅपकिन, मधोमध छोटे भोपळे. तिला झेंडू हवा होता, पण नोव्हेंबरच्या थंडीत तो कुठून मिळणार? मुलीने केशरी शेवंतीची कुंडी आणली. "चालेल," बायको म्हणाली, "पण मेणबत्त्या पांढऱ्या नकोत."

सगळं झाल्यावर मुलीने तिला टेबलापाशी बसवून फोटो काढला आणि फोनकडे बघतच राहिली. मीही बघितलं. कावीळ इतकी चढली होती, हे रोज समोर असून मला तोवर दिसलं नव्हतं. चेहरा, डोळे, हात, सगळं पिवळं.

"आय कॅन फिक्स द कलर, आई," मुलगी हळूच म्हणाली.

"नको. टेबलाचे रंग बिघडतील." मग ती माझ्याकडे वळली. "मला आत घेऊन चल."

पाहुणे आले तेव्हा तिला झोप लागली होती. टर्कीच्या वासाने उलटी होऊ नये म्हणून मी खोलीचं दार लावून घेतलं.

डिसेंबरच्या सुरुवातीलाच ती गेली. आता थँक्सगिव्हिंगला आम्ही दोघं बाहेर कुठेतरी जेवतो.