‘राम राम’ बंद

शिक्रापूरला एका भाड्याच्या खोलीत आमची प्रार्थनासभा भरायची. मी सणसवाडीच्या कंपनीत सुपरवायझर, त्यामुळं नियमांची खोड आधीपासूनच होती. सभेतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले नियम मी वहीत उतरवले आणि चार पदरचेही घातले. त्यातला एक म्हणजे विश्वासणाऱ्यानं ‘राम राम’ म्हणायचं नाही, ‘जय ख्रिस्त’च म्हणायचं.

वर्षभरानं वडगाव रासाईला माझे वडील, आबा, येशूच्या मागं आले. मी लगेच त्यांना वही वाचून दाखवली. आबांनी मान डोलावली. पण सत्तर वर्षांची जीभ ती! माणूस दिसला की ‘राम रा...’ निघायचंच, मग आबा घाईनं ओठ मिटायचे. शेवटी त्यांनी नामी उपाय काढला. समोरून कुणी आलं की वाट बदलायची. शेतात जायलासुद्धा नदीकडून लांबचा फेरा मारू लागले. मी खूश. म्हटलं, काय ही भक्ती!

एका रविवारी बांधाशेजारचे मामा घरी आले. आबांचे लहानपणापासूनचे सोबती. दारातच थांबून मला म्हणाले, “तुझा बा मला बघून वाट बदलतोय. माझं काय चुकलं, तेवढं सांग.” त्यांचे डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबा आतून ऐकत होते. बाहेर येऊन मला म्हणाले, “माणसाला ‘राम राम’ घालू नगं, असं येशूनं कुठं सांगितलंय? दाव.”

मी बायबल उघडलं आणि उगीच पानं उलटत बसलो. किती वेळ उलटणार?

“न्हाई आबा. सभेनंबी न्हाई सांगितलं. ते माझ्या पदरचं हाय.”

आबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा शाळेत गेलो. मग मामांचा हात धरून म्हणाले, “राम राम, गड्या. चुकलं माझं.” मामांनी एक शेलकी शिवी हासडली आणि दोघंही हसत सुटले.

चहा झाला तरी मामा घुटमळत होते. “तुझ्या येशूला माझ्या म्हशीचं सांगशील का? डाक्टर येऊन गेला, तरी वैरणीला तोंड लावंना.”

आबा तसेच उठले, मीही मागोमाग गेलो. गोठ्यात शेणात उभं राहून, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून आबांनी मोठ्यांदा प्रार्थना केली आणि शेवटी ‘आमेन’, म्हणजे ‘तसंच होवो’, म्हणाले. मामांना तो शब्द ठाऊक नव्हता. ते हात जोडून म्हणाले, “व्हय.”

मी ‘आमेन’ म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं, “व्हय.”