बिनकाट्याचा महिना

घरात कुणी आजारी पडलं की गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांसारखे किस्से साठत जातात. पाकिटं आपण फेकून देतो, किस्से मात्र येईल त्याला काढून दाखवतो. मी शाळेची पायरी चढलेलो नाही. मी बोलतोय आणि सून सुजाता लिहून घेतेय. तेव्हा तिचं कौतुक कुठं कमी वाटलं, तर ते तिनंच गाळलंय असं समजा!

झालं असं, की माझ्या बायकोला, कौसल्येला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं एक-दोन शब्दांवर आलं, गिळणं अवघड झालं. पेज दिली की तोंड फिरवायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मऊ काहीही द्या, पण पोटात जाऊ द्या. महिन्यानं वजन बघू. आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल."

नळी म्हटल्यावर कौसल्येनं डोळे मिटून घेतले, ते घर येईपर्यंत उघडले नाहीत.

*

घरी विचारलं, "काय खाशील?"

"मासा."

आता आली का पंचाईत! काटा घशात गेला म्हणजे? सुजाता दिंडोरीकडच्या एका हॉटेलात किचनला आहे. ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडं पाहुण्यांसाठी फिश पाय करतात. काटा नाही, चावायचं काम नाही."

"अगं, माशाला पाय कुठून आणले तुम्ही?"

"नावावर नका जाऊ. खाली मासा, वर कुस्करलेला बटाटा."

मासाच आहे, तर त्याला पाय का म्हणायचं, असं आमचं बराच वेळ चाललं. शेवटी कॉटवरून आवाज आला, "आधी... कर!"

*

सुट्टीच्या दिवशी सुजातानं मरळ मासा आणला, दुधात शिजवला. काटे काढायची ड्युटी माझी. माझा जन्म द्राक्षाच्या बागांत घड विरळण्यात गेला. दाट घडातला नेमका मणी खुडायची बोटांना सवय. तरी त्या माशाला दोन तास लागले.

सुजाता म्हणाली, "बाबा, हॉटेलात असं काम केलं असतं, तर दुपारचं जेवण संध्याकाळी वाढावं लागलं असतं!"

म्हटलं, "वाढा की. पाहुणा घसा घेऊन घरी तर जाईल!"

मग तिनं लोणी, मैदा न् दुधाचा दाट सॉस केला, त्यात मासा घातला, वर बटाटा थापला. आमच्याकडं ओव्हन नाही. जाड पातेल्यात झाकण ठेवून मंद गॅसवर भाजलं. कौसल्येनं पाच चमचे खाल्ले. मी मोजले.

*

शेजारच्या शेवंताबाईंनी दुधाचं पातेलं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "भाऊ, मासा आन् दूध? अंगावर पांढरे डाग उठतील की वो!"

सुजातानं समजावलं, डॉक्टरबाईंनी हो म्हटल्याचं सांगितलं. बाई काही ऐकेनात. रोज सकाळी मोबाइलचा टॉर्च लावून कौसल्येचे हात, गळा, पाठ तपासायच्या.

पाचव्या दिवशी आल्या, तेव्हा हातात वाटी होती. "डाग तर काय दिसना. थोडं उरलं आसंल तर द्या!"

*

सुजाता एकदम जास्त करायची आणि एका वाटीत एक जेवण असं फ्रीझरला लावायची. वाटीवर पट्टी चिकटवून तारीख लिहायची. मला कुठं वाचता येतं! मी जुनी वाटी वर, नवी खाली ठेवायचो.

सुजाता म्हणाली, "बाबा, हे कंपन्यांना सांगा. शाई वाचेल त्यांची!"

*

पहिल्यांदा मी फ्रीझरमधली वाटी थेट गॅसवर ठेवली. बूड करपलं, वरनं वाफ आली, मी खुश! कौसल्येनं घास घेतला आणि थुंकला. "बर्फ."

त्यानंतर दोन दिवस तिनं तोंडच उघडलं नाही. माझी झोप उडाली. महिन्यातले दोन दिवस माझ्यामुळं वाया गेले ना!

मग शिकलो. वाटी आदल्या दिवशी खालच्या कप्प्यात आणायची. दुसऱ्या दिवशी कढईत पाणी, त्यात वाटी, वर झाकण. मधोमध बोट घालून चटका बसला, की खाली उतरवायची आणि निवल्यावर भरवायची. पुढं तर तिला माझ्यासाठी ठेवलेली वाटीही लागायला लागली. लागू दे! मला चहा-खारी पुरते.

*

एका शनिवारी लाइट दिवसभर गेली. फ्रीज उघडायचा नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण आतला गारवा पळाला तर? मी घरातल्या दोन्ही गोधड्या फ्रीजला गुंडाळल्या आणि दोरीनं बांधल्या.

शेवंताबाई दारातनं म्हणाल्या, "भाऊ, फ्रीजला थंडी वाजून आली का?"

सुजाता ड्युटीवरून आली. गोधडी सोडून वाटी दाबून पाहिली. "बाबा, दगड आहे दगड!"

माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. उगीच.

*

महिना भरला. नर्सनं आणि मी धरून कौसल्येला वजनकाट्यावर चढवलं. आकडा मला कळत नाही, म्हणून मी डॉक्टरबाईंच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"दीड किलो वाढलं! आजी, नळी नको आता."

मी हात जोडले. नर्सनं कौसल्येला खुर्चीत बसवलं. मी चपला पुढं सरकवल्या, तरी ती घालेना. डाव्या हातानं माझ्या सदऱ्याला धरलं. पोटापाशी मूठभर कापड तिच्या हातात आलं.

मग डॉक्टरबाईंकडं वळून, महिन्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोलली.

"बाई... आता ह्यांना... चढवा काट्यावर!"