तीन फाटकं वर

पाऊस पडतोय म्हणावं तर दिसत नव्हता, आणि नाही म्हणावं तर मानेवरून पाठीत उतरत होता. विलायतेतल्या कारमार्थनच्या डोंगरात फेब्रुवारी असाच. मेइनिरनं व्हॅनची चार्जिंगची वायर काढली, पुसून गुंडाळली आणि मागं सामान चढवलं. केस वाळवायचं टोपडं, रोलरचा डबा, धुतलेले टॉवेल. एकोणतीस वर्षं ती शेतघरांत जाऊन म्हाताऱ्यांचे केस करत होती. दुकान कधी टाकलं नाही. "जिला दुकानापर्यंत येता येतं तिला माझी काय गरज?" म्हणायची.

व्हॅन विजेची. धूर सोडू नका म्हणून सरकारनंच कानीकपाळी ओरडून घ्यायला लावलेली. आता पेट्रोलचा कर बुडायला लागला, तर त्याच सरकारला विजेच्या गाडीवर मैलामागं कर बसवायचा होता.

मंगळवारचं शेवटचं घर तेग्वेन आँटीचं. वय एक्याण्णव. या डोंगरात अंतर मैलांत कुणी सांगत नाही, फाटकांत सांगतात. आँटीचं घर 'तीन फाटकं वर'. मेंढरं सुटू नयेत म्हणून दर फाटकाशी उतरायचं, उघडायचं, गाडी आत घ्यायची, परत उतरून लावायचं. लावलं नाही तर गाव वर्षभर बोल लावतं.

आँटीचं डोकं बेसिनवर होतं, डोळे मिटलेले. तशीच म्हणाली, "पोरी, पुढच्या मंगळवारपासून येऊ नकोस."

"का? मागच्या वेळी रोलर घट्ट बसले?"

"रेडिओवर ऐकलंय मी. मैलाला कर. माझ्या एका डोक्यासाठी एवढा डोंगर चढायचा नाही."

"डोकं एकच असतं आँटी. जास्तीचं कुठून आणणार?"

"थट्टा नको. नर्स येते महिन्यातून. पोस्टमन खालच्या फाटकाशी पत्रं टाकतो. मला सवय आहे एकटीची."

सवय असणारीनं टेबलावर दोन कप मांडून ठेवले होते, आणि मनुकांच्या पावाचे दोन काप फडक्याखाली झाकून.

संध्याकाळी सहाला चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये सभा होती. कराबद्दल लोकांचं मत घ्यायला सरकारनं हार्ग्रेव्ह नावाचा अधिकारी धाडला होता. माणूस वाईट नव्हता, फक्त बूट फार स्वच्छ होते. त्यानं सगळ्यांना अर्ज वाटले आणि समजावलं, "जो जास्त रस्ता वापरेल, तो जास्त देईल. यात न्यायच आहे."

पहिल्या रांगेतून मेंढपाळ डिल्विन म्हणाला, "साहेब, आता इथून बस किती वाजता आहे?"

हार्ग्रेव्ह कागद चाळायला लागला.

"शोधू नका. गुरुवारी आहे."

हॉल हसला. तोही हसला, आणि हसता हसता म्हणून गेला, "निदान अनावश्यक फेऱ्या तरी टाळता येतील."

अनावश्यक. मेइनिरच्या डोळ्यांपुढं ते दोन कप आले. ती उठली. "माझ्या अर्जात बघा. वर्षाला किती मैल, असं तुम्ही विचारलंय. मी फाटकं लिहिलीत."

त्यानं अर्ज उचलून वाचला. "फाटकं म्हणजे टोलची? पण टोलची फाटकं इथं आता राहिली नाहीत."

किटलीपाशी चहा ओतणाऱ्या बायांनी वर बघितलं.

"नाहीतच," मेइनिर म्हणाली. "का नाहीत, ठाऊक आहे?"

त्याला ठाऊक नव्हतं. इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पावणेदोनशेहून जास्त वर्षांमागं शेतात टाकायचा चुना गाडीत भरून निघालं, की कोसाकोसावर फाटक आणि दर फाटकावर टोल. मग गावचे बाप्ये बायकोचे झगे घालून, तोंडाला काजळी फासून निघाले. पुढच्यानं आंधळी म्हातारी व्हायचं. तिचं नाव रेबेका. फाटकावर कुऱ्हाड घालायच्या आधी ठरलेलं बोलणं व्हायचं. शाळेच्या गॅदरिंगात ते सगळ्यांनी केलेलं.

मेइनिरनं डोळे मिटले, हात पुढं करून चाचपडली. "पोरांनो, माझ्या वाटेत काहीतरी आडवं आलंय. मला पुढं जाता येईना."

मागून, पुढून, किटलीपाशी उभ्या बायांतून एकच आवाज आला. "काय आहे, आई? तुझ्या वाटेत आम्ही काही राहू देणार नाही."

"फाटक लागतंय हाताला."

"फोडू, आई?"

"थांबा. आधी साहेबांना लिहून घेऊ दे."

डिल्विन तिच्याकडं वळला. "झगा मी घालू का तू?"

"माझा तुझ्या मांडीलासुद्धा व्हायचा नाही."

हार्ग्रेव्हनं पेन उघडलं होतं. "यातलं मी नेमकं काय लिहू?"

"'नाही' लिहा. आणि खाली लिहा, जिचं घर लांब, तो तिचा गुन्हा नव्हे."

त्यानं लिहिलं. मग पेनं फिरली आणि ज्यानं त्यानं आपापल्या अर्जातले मैल खोडून फाटकं लिहिली. डिल्विननं एकोणीस लिहिली. त्यातली चार तरी थापेची होती.

पुढच्या मंगळवारी पाऊस तसाच, ना पडता ना थांबता. कराचं काय झालं ते कुणालाच कळलं नव्हतं. तीन फाटकं उघडून, तीन लावून मेइनिर वर पोचली. आँटी दारातच उभी होती.

"येऊ नको म्हटलं होतं ना?"

"ऐकू आलं नाही. नळ चालू होता."

"आणि कर लागला म्हणजे?"

"लागला तर भांडू. तेव्हाही मंगळवार असेलच."

आँटी दारातून बाजूला झाली. मग वळून खुर्चीत जाऊन बसली. "नर्सनं सांगितलं सभेचं. झगा कुणी घातला म्हणे?"

"डिल्विन मागत होता. मापाचा मिळेना."

"माझ्या आजीचा आहे पेटीत. रुंद होती बाई."

"काढून ठेवा," मेइनिर म्हणाली. टेबलावरचे दोन कप तिनं जरा सरकवले, रोलरचा डबा ठेवला आणि मनगटावर पाणी घेऊन बघितलं. "मान मागं करा. गरम वाटलं तर सांगा."